चुआंग मालकांचा होकार

"हात लावायचा नाही. आधी त्यांना विचारायचं," म्हातारी म्हणाली, आणि माझा नवरा थ्येनशेंग याचा वर गेलेला हात तिथेच थांबला.

'त्यांना' म्हणजे तिच्या नवऱ्याला. चुआंग मालक भिंतीवर तसबिरीत होते, आयुष्यात एकदाच लावलेल्या टायने अवघडलेले. समोर उदबत्ती, पेरू आणि तंबाखूची बंद पुडी. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण हुवेइ गावातलं त्यांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान बाईने जसंच्या तसं ठेवलं होतं. शटर कमरेपर्यंत वर करून ठेवायची आणि कुणी वाकून आत आलंच तर ओरडायची.

आम्ही वाकून आत आलो होतो आणि ओरडून घेऊन झालं होतं. थ्येनशेंगचे डोळे मात्र सगळ्यात वरच्या फळीवर खिळले होते. तिथे एक पिवळं पडलेलं खोकं होतं. त्यावर आमच्याच मोटरसायकलचं चित्र आणि चुआंग मालकांच्या हाताने लिहिलेलं 'ब्लॉक'. लग्नात माझ्याकडेसुद्धा त्याने असं पाहिलं नव्हतं.

थ्येनशेंग मेइशानच्या डोंगरात, चहाच्या उतारांवरच्या वस्त्यांत गॅसचे सिलिंडर पोचवतो. वयाच्या सहासष्टाव्या वर्षीही तेच करतो, आणि गाडीही तीच, आमच्या लग्नाआधी घेतलेली. मागे दोन बाजूंना दोन सिलिंडर बसतील असा लोखंडी सांगाडा त्याने स्वतः जोडून घेतला आहे. दीड हात रुंदीच्या, मध्येच बुटक्या पायऱ्या असलेल्या त्या वाटांवर दुसरं काही चढत नाही. आताच्या स्कूटर निम्म्या चढावर दम टाकतात. वर राहतात ते सगळे म्हातारे, पोरंबाळं शहरात. थ्येनशेंग सिलिंडर नेतो, जोडून देतो, चहा पितो, कुणाचा दिवा बदलून देतो, आणि खाली आला की मला सांगतो, कोण जेवलं आणि कोण रुसून बसलंय.

उन्हाळ्यात भर चढावर इंजिन जाम झालं. पिस्टनने ब्लॉकची, म्हणजे तो ज्यात खालीवर होतो त्या नळकांड्याची, आतली भिंत पार ओरबाडून टाकली होती. पूर्वी दोनदा ती घासून आतलं भोक मोठं करून झालं होतं. आता घासायला भिंतच उरली नव्हती. नवा ब्लॉक हवा, आणि तो बनवणं कंपनीने केव्हाच सोडून दिलं होतं.

गॅसच्या दुकानाचा मालक च्यालुंग हा आमच्या जुन्या मालकांचा मुलगा. पोरगा वाईट नाही, पण हिशेबी. तो म्हणाला, "काका, मध्यशरदाच्या सणापर्यंत गाडी सुरू करा. नाहीतर मी छोटा ट्रक लावतो. ट्रक पायऱ्यांपर्यंत जाईल, पुढचं ज्याचं त्याने बघावं."

"पुढचं कोण बघणार? वर सगळे सत्तरीच्या पुढचे," थ्येनशेंग म्हणाला.

त्यावर च्यालुंगने फक्त मान हलवली. तिचा अर्थ हो किंवा नाही, कसाही लावता आला असता.

तेव्हापासून आमचा शोध चालला होता. च्यायीची गल्ली न् गल्ली झाली. ताइनानमध्ये एका दुकानदाराने, संग्रहालयात जाऊन विचारा, असा सल्ला दिला आणि स्वतःच खो खो हसला. भंगारवाल्यांकडे गेलो, तर धूर सोडणाऱ्या जुन्या गाड्या मोडीत काढा म्हणून सरकारने बक्षीस लावलं तेव्हाच सगळ्यांचा चुरा झालेला. एकाने छातीठोकपणे ब्लॉक विकला. घरी आणून लावला तर बोल्टची भोकं दुसरीकडेच. थ्येनशेंग रात्री भाताचा वाडगा तसाच ठेवून उठला. अखेरीस एका भंगारवाल्याने चुआंगांचं नाव सांगितलं. सण अगदी तोंडावर आला होता.

आता मनातलं सांगते. मला तो ब्लॉक नकोच होता. वसंतात वळणावर गाडी अंगावर पडून थ्येनशेंगच्या बरगडीला मार बसला होता. घराच्या पायऱ्या चढताना त्याला लागणारी धाप मी ऐकत होते. इंजिन बंद पडलं त्या दिवशी मी देवघरात गुपचूप एक उदबत्ती जास्तीची लावली. शोधात त्याच्यासोबत फिरत होते ती तो एकटा बसने जाऊन भर उन्हात कुठे बसून राहील म्हणून; ब्लॉक मिळावा म्हणून नव्हे.

मालकीणबाईंनी ड्रॉवरमधून कौल लावायच्या, चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन लाकडी कोरी काढल्या. एक बाजू सपाट, एक फुगीर, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेल्या. आमच्याकडे देवाला विचारतात तसं ही बाई रोज नवऱ्याला विचारत होती.

"मी खिळासुद्धा त्यांना विचारल्याबिगर देत नाही," ती म्हणाली. "तैपेईहून एक जण आला होता मोठी गाडी घेऊन. काचेच्या कपाटात मांडायला हे खोकं पायजे म्हणे. दोनदा आला, दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा मीच हाकलला. सलग तीनदा हो आलं तर खोकं तुमचं. नाहीतर आल्या वाटेने जायचं. कबूल?"

"कबूल, मालकीणबाई," थ्येनशेंग म्हणाला.

तिने कोरी कपाळाला लावल्या, पुटपुटली आणि फरशीवर टाकल्या. एक सपाट, एक फुगीर. होकार. दुसऱ्यांदाही तेच. थ्येनशेंगने दोन्ही हात पोटाशी घट्ट धरले होते. मी तसबिरीकडे पाहिलं आणि मनातल्या मनात म्हटलं, चुआंगदादा, तुम्हीही यातच आयुष्य काढलंत, तुमच्या बायकोनेही तुमची वाट बघितली असेल. नाही म्हणा.

तिसऱ्यांदा दोन्ही कोरी सपाट बाजू वर करून पडल्या.

"हसताहेत," बाई म्हणाली. "प्रश्न नीट पोचला नाही. तुम्ही पायजे म्हणालात, कशाला पायजे ते कुठं सांगितलंत? सांगा. मला नको, त्यांना सांगा."

माझ्या नवऱ्याला मनातलं बोलता येत नाही. शाळेतल्यासारखा ताठ उभा राहून तो तसबिरीला म्हणाला, "मालक, वर लोक आहेत. सिलिंडर नाही गेला तर लाकडं गोळा करतात, त्या वयात. एक लूआजी आहे, तिला दिसत नाही. गाडीचा आवाज आला की ती आधण ठेवते. आवाज थांबला तर..." तो तसबिरीच्या आणखी जवळ सरकला. "तर मला पण सकाळी उठून कुठं जायचं ते ठाऊक नाही."

एवढंच. एवढ्या वर्षांच्या संसारात हे वाक्य त्याने माझ्यासमोर कधी उच्चारलं नव्हतं. बोलला तो एका परक्या मेलेल्या माणसाशी. मला राग आला आणि रडूही आलं.

बाईने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. होकार. दुसऱ्यांदा होकार. तिसऱ्यांदा तिने त्या जरा जोरात टाकल्या. एक कोर तिच्या पायाशी फुगीर बाजू वर करून पडली, दुसरी फरशीवर गिरकी घेत लोखंडी मांडणीखाली गेली.

थ्येनशेंगला गुडघे टेकून बसवत नाही, बाईची पाठ तेवढी वाकत नाही. "तुम्हीच बघा, ताई," ती मला म्हणाली. "हात लावू नका. नुसतं बघून सांगा. जे असेल ते."

मी पोटावर पडून मांडणीखाली पाहिलं. धूळ, एक वॉशर, आणि कोर. फुगीर बाजू वर.

दोन्ही फुगीर. नकार, तोही चांगला स्वच्छ. मागितलं ते मिळालं होतं. तोंडाने खरं तेवढं सांगितलं की झालं: आम्ही परत जाणार, सण होणार, ट्रक लागणार, आणि माझा नवरा घरात राहणार, सकाळी उठून कुठे जायचं ते ठाऊक नसलेला.

मांडणीखालून मला त्याचे पाय दिसत होते. परक्या ठिकाणी जायचं म्हणून त्याने चांगले बूट घातले होते.

"सपाट आहे," मी म्हणाले. "सपाट बाजू वर. होकार."

बाईने टाळी वाजवली. ती लहान पोरीसारखी हसली आणि तसबिरीकडे वळून म्हणाली, "शेवटी दिलंत ना एकदाचं कुणाला तरी." मग तिने थ्येनशेंगला स्टूल ओढून दिलं. मी ते धरून ठेवलं. तो चढला आणि खोकं छातीशी धरून खाली आला.

आत तेलकट कागद होता. त्याने तो हळूच उघडला, ब्लॉक हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि आतून अंगठा फिरवला. अंगठा वरून खाली गेला, अर्ध्यावर थांबला, थोडा मागे आला आणि पुन्हा त्याच जागी थांबला.

तो अंगठा मी ओळखते. मला सगळं कळलं: हा ब्लॉक नवा नव्हताच. नवा ब्लॉक बसवला की जुना त्याच खोक्यात घालून गिऱ्हाइकाला दाखवायचा, म्हणजे फसवलं नाही हे त्याला पटतं, ही इथल्या जुन्या कारागिरांची रीत. कुणीतरी आपला जुना ब्लॉक न्यायला विसरलं होतं. चुआंग मालकांनी तो खोक्यासकट फळीवर ठेवला, आणि नंतर ते स्वतःच फळ्या सोडून गेले. ब्लॉकला आतून बोटभर लांब चीर होती.

चुआंग मालक खरं बोलले होते. खोटं मी बोलले होते.

म्हातारी त्याच्या तोंडाकडे बघत होती. "हेच ना?" तिने विचारलं. "बसेल ना?"

थ्येनशेंगने कागद पुन्हा पहिल्यासारखा गुंडाळला. घडी मोडू दिली नाही. "अगदी हेच, मालकीणबाई," तो म्हणाला. "असा ब्लॉक आता कुठं मिळत नाही. मालकांनी किती जपून ठेवलाय." मग तसबिरीसमोर जाऊन तो कमरेत वाकला, आणि बराच वेळ तसाच राहिला. बाईने आमचा नंबर मागून घेतला आणि शटर पूर्ण वर केलं. आम्हाला वाकावं लागू नये म्हणून.

परतीच्या बसमध्ये त्याने खोकं मांडीवर घेतलं होतं. हुवेइ मागे पडल्यावर तो म्हणाला, "मेलेल्या माणसाने हो म्हटलेलं परत कसं करायचं?"

माझ्या जिभेवर आलं होतं की त्याने हो म्हटलंच नव्हतं. ते मी गिळलं, आणि अजून गिळते आहे.

सण झाला. ट्रक लागला. च्यालुंगने थ्येनशेंगला दुकानात बसून फोन घ्यायला सांगितलं होतं. तो एक दिवस बसला आणि दुसऱ्या दिवशी पायऱ्यांपाशी जाऊन उभा राहिला. ट्रक सिलिंडर उतरवून निघून गेला. थ्येनशेंगने त्यातला एक खांद्यावर घेतला. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि याचा मोबदलाही कुणी देणार नव्हतं. मी घरी भांडले, दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी सिलिंडर जोडायचा पाना आणि पाण्याची बाटली घेऊन त्याच्यामागे निघाले.

निम्म्या पायऱ्यांवर आम्ही टेकलो. त्याची धाप अजून बसली नव्हती तेवढ्यात फोन वाजला. हुवेइची मालकीणबाई होती. तिला कमी ऐकू येतं म्हणून ती फोनवर ओरडते, त्यामुळे मलाही सगळं ऐकू येत होतं.

"बसला का ब्लॉक? गाडी चढते का? आमचे हे विचारताहेत."

थ्येनशेंगने फोन तोंडापासून लांब धरून दोन मोठे श्वास घेतले आणि मग नेहमीच्या आवाजात सांगितलं, "चढते की, वहिनी. दोन सिलिंडर घेऊन चढते. सांगा मालकांना."

ती आणखी काहीतरी हौसेने बोलली, मग फोन बंद झाला. त्याने तो खिशात ठेवला, खांद्यावरच्या फडक्याची घडी सारखी केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी उठले. त्याने वरच्या बाजूने धरलं, मी खालून हात लावला, आणि आम्ही सिलिंडर उचलला.