उजवा हात वर करा

न्यायासमोर सगळे हात सारखे. त्यातला उजवा तेवढा खांद्याच्या वर न्यावा लागतो, नाहीतर कामगार नुकसानभरपाईच्या दालनात शपथ लागू होत नाही.

ड्रायव्हरने डावा वर केला.

“उजवा,” कारकून म्हणाला.

“तोच तर वर जात नाही, म्हणून आलोय ना.”

पावाची व्हॅन घेऊन तो सिग्नलला उभा असताना मागून ट्रकने ठोकलं, तेव्हापासून खांदा जो धरला तो सुटला नव्हता. शर्टाची बाही बायको चढवायची. ऑपरेशनचा खर्च आणि घरी बसल्याचा पगार विम्याने द्यायचा होता, पण खांदा अपघातानेच गेला हे सिद्ध झालं तर. विम्याच्या डॉक्टरांचं मत पडलं की झीज जुनी आहे, हा हात कित्येक वर्षांत डोक्याच्या वर गेलेलाच नसणार. ट्रक बिचारा उगाच मध्ये आला. हे मत त्यांनी खांद्याला बोटही न लावता बनवलं होतं. अनुभव दांडगा होता.

विम्याच्या वकिलाची हरकत नोंदवून निकाल देणाऱ्या साहेबांनी डावा हात चालवून घेतला.

“अपघाताआधी उजवा वर जात होता, हे कोणी पाहिलंय?” वकिलाने विचारलं. “बायको सोडून सांगा.”

ड्रायव्हर डाव्या हाताच्या बोटांवर ओळखीची माणसं मोजू लागला. मागच्या बाकावरून बायको पुटपुटली, “अहो, सांगा की. लोडर भावजींच्या वेळचं.”

तेव्हा कुठे त्याची ट्यूब पेटली.

“साहेब, ट्रकने ठोकायच्या आदल्याच आठवड्यात मी इथे साक्षीला आलो होतो, आमच्या लोडरच्या केसमध्ये. याच जागी उभा होतो. उजवा हात इतका ताठ वर केला की तुम्हीच म्हणालात, खाली घ्या, शपथ घेताय, बस थांबवत नाही आहात.”

कारकुनाला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घातलं. साहेबांना आठवलं, हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसलं. स्वतःचा विनोद माणूस सहसा विसरत नाही.

“मग झालं की,” बायको म्हणाली.

“झालं कसं, बाई?” वकील मायेने म्हणाला. “साहेबच साक्षीदार निघाले. साक्षीदाराने निकाल द्यायचा नसतो.”

साहेबांनी कपाळ चोळलं. प्रकरण शेजारच्या दालनात गेलं. तिथे साहेबांची साक्ष काढायची ठरली, आणि त्यासाठी त्यांच्या वरिष्ठांची परवानगी लागते असं निघालं. विम्याच्या डॉक्टरांना कसलीच परवानगी लागली नव्हती.

परवानगी अजून आलेली नाही. शेजारच्या दालनात शपथ बसल्या जागीच घेतात. हात कोणी बघत नाही.