दोरीच्या आतल्या लोंब्या

वाफे सोळा होते. पंधरांत भाताची नेहमीची वाणं. नवव्यात मात्र सातच रोपं आणि त्यांवर तेवीस लोंब्या. संपदाने शुक्रवारी संध्याकाळी त्या मोजल्या, चिमण्या येऊ नयेत म्हणून वर जाळी ताणली आणि ठरवलं, सोमवारी कापणी.

जपानमधल्या त्सुकुबातल्या एका संशोधन संस्थेच्या शेतावर ती अर्धवेळ कामाला होती. नवरा अंबरीष टोकियोत सॉफ्टवेअरमध्ये. सुरू होऊन महिना झालेल्या नव्या रेल्वेने रोज जायचा. संपदाचं माहेर पेणकडचं, भरतीचं पाणी शिरून खार झालेल्या जमिनीचं. इथल्या एका वाणाशी तिने तिकडच्या भाताचा संकर केला, तेव्हा अकराच दाणे मिळाले होते. ते सगळेच्या सगळे तिने पेरले. थोडे राखून ठेवायचं तिला सुचलं नाही. खारं पाणी पिऊन त्यांतली सात रोपं जगली.

शनिवारी सकाळी जवळच्या अमेरिकन लष्करी तळावरचं एक हेलिकॉप्टर बिघाड होऊन त्या शेतात उतरलं. कोणाला खरचटलंही नाही. पात्यांच्या वाऱ्याने जाळी मात्र फाटून पार कुंपणावर जाऊन पडली. संपदा पोचली तोवर सैनिकांनी भोवती पिवळी दोरी बांधली होती. नववा वाफा दोरीच्या चार पावलं आत होता.

शेताचे प्रमुख ओकाबे-सान टोपी हातात धरून बाहेर उभे होते. त्यांच्या शेजारी दोन जपानी पोलीस, तेही बाहेरच.

"शेत तर संस्थेचं आहे ना?" संपदाने विचारलं.

"शेत संस्थेचं, पण यंत्र त्यांचं," थोरला पोलीस म्हणाला. "दोन देशांचा करार आहे. ते हो म्हणेपर्यंत आम्हालाही त्याला हात लावता येत नाही. सकाळपासून तीनदा विचारलं."

तिने अंबरीषला फोन लावला.

"अगं, हेलिकॉप्टर आलंय शेतात आणि तू भाताचं काय घेऊन बसलीस? पोलिसांना सांग की!"

"पोलीस माझ्याशेजारीच उभे आहेत."

"मग झालं तर."

"दोरीच्या बाहेर, अंबरीष."



दोरीजवळचा सैनिक विशीतला, उन्हाने लाल झालेला. संपदाने त्याला इंग्रजीत सगळं नीट समजावलं. त्यानेही ते नीट ऐकून घेतलं.

"मॅम, आत सोडायचा अधिकार मला नाही. ज्यांना आहे ते तळावर असतात."

"मग त्यांना विचारा."

"सोमवारी येतील."

"तुम्हीच कापून द्या. मी इथूनच घेते."

"आतली कुठलीही वस्तू बाहेर द्यायची नाही, मॅम. तेल सांडलंय."

तेवढ्यात चिमण्यांचा थवा नवव्या वाफ्यावर उतरला. लोंब्या वाकल्या.

"त्या गेल्या की आत!"

"त्यांना मी सांगून पाहिलं, मॅम. ऐकत नाहीत."

तो हसला. तिला हसू आलं नाही, तेव्हा तो ओशाळला. वळून त्याने मोठ्याने टाळ्या वाजवल्या. थवा उडाला, हेलिकॉप्टरच्या शेपटीवर जाऊन बसला, आणि सैनिकाचे हात थांबताच परत आला. त्याने पुन्हा टाळ्या वाजवल्या. तेवढं करायला त्याला मनाई नव्हती. बाहेरून संपदाही टाळ्या वाजवू लागली, मग ओकाबे-सान. पोलीस दुसरीकडे बघत राहिले.

दुपारी सैनिकाची पाळी बदलली. नवा आला तो हेलिकॉप्टरच्या पलीकडे सावलीत उभा राहिला.

रविवारी संपदा दिवसभर बाहेर बसून होती. टाळ्यांना चिमण्या सरावल्या होत्या. अंबरीष डबा घेऊन आला आणि तिच्याजवळ बसला.

सोमवारी तळावरून अधिकारी आले. त्यांच्याबरोबर मोठी क्रेन आणि ताडपत्री घातलेले दोन ट्रक होते. ओकाबे-सान कमरेतून वाकून दोनदा नवव्या वाफ्याबद्दल बोलले. अधिकाऱ्यानेही तसंच वाकून उत्तर दिलं. मग हेलिकॉप्टर उचललं गेलं. तेल मुरलं म्हणून दोरीच्या आतली सगळी मातीही खणून, उरलेल्या रोपांसकट ट्रकमध्ये भरली. ताडपत्र्या आवळल्या, ट्रक निघाले. शेवटच्या सैनिकाने दोरी गुंडाळून बरोबर नेली.

पोलिसाने संपदाला हाताने खूण केली, आता आत जा.

ती मोजपट्टी घेऊन आत गेली. नवव्या वाफ्याच्या जागी पडलेल्या खड्ड्याची तिने चारही कोपऱ्यांत खोली मोजली. सरासरी त्रेचाळीस सेंटिमीटर आली.