कानसेनांनी ऐकलेली गाडी

जुन्या गाड्यांच्या त्या आवारात बेचाळीस गाड्या उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या काचेवर, उजव्या कोपऱ्यात, एका कानाचं चित्र चिकटवलेलं होतं. खाली लिहिलं होतं, ‘कानसेनांनी ऐकलेली गाडी’. गिऱ्हाईक आधी हसायचं, मग चौकशी करायचं, आणि शेवटी त्या कानाकडे बघूनच सही करायचं.

कानसेन म्हणजे आवारातले तपासनीस. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथंच राहिलं होतं. अठ्ठावीस वर्षं त्यांची पद्धत एकच. गाडी सुरू करायला लावायची, बॉनेटवर उजवा तळवा ठेवायचा, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. अर्ध्या मिनिटात निकाल. इंजिन उत्तम असेल तर ‘लोणी’. बरं असेल तर ‘चालेल’. आणि वाईट असेल तर एक शब्द न बोलता खिशातला रुमाल काढून हात पुसायचा. या हात पुसण्यानं कित्येक सौदे जागच्या जागी मेले होते. एका गृहस्थांची गाडी ऐकून त्यांनी रुमाल काढला, तेव्हा त्या गृहस्थांच्या बायकोनं नवऱ्याकडे अशा काही नजरेनं बघितलं, की गाडीबरोबर नवऱ्याचाही निकाल लागला असावा.

दोन वर्षांपूर्वी कानसेनांचा उजवा कान गेला. डावा वर्षभर एकटा राबला आणि तोही गेला. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. आंधळा चित्रकार बघायला लोक कौतुकानं जातील, पण बहिऱ्या कानसेनाला कोण पोसणार? ते समोरच्याच्या ओठांवरून बोलणं वाचायला शिकले. घरात कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. ‘लग्न झाल्यापासून ह्यांनी माझं ऐकलंय कधी?’ असं त्यांची बायको सगळ्यांना सांगायची. आताही तेच सांगत होती. त्यांची लेक परिचारिका होती आणि तीही कान-नाक-घशाच्या विभागात. दिवसभर परक्यांचे कान तपासून ती आईला फोन करायची. ‘बाबा कसे आहेत?’ ‘आहेत तसेच.’ झालं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पेट्रोलच्या गाड्या तळव्याला कळायच्या. थरथरीवरून कानसेन दहातल्या आठ बरोबर सांगत. दोन चुकत, पण तज्ज्ञाची चूक ही गिऱ्हाइकाच्या चालवण्याची चूक असते, हा या धंद्यातला सर्वमान्य सिद्धांत आहे.

मग आवारात हायब्रिड आल्या. त्या आणल्या मालकांच्या जावयानं. लोकांना हायब्रिड का हवी, हे जावई फार छान समजावून सांगायचा. पेट्रोल जाळायचं, पण थोडं. बॅटरी वापरायची, पण चार्जिंगसाठी रांगेत उभं राहायचं नाही. पापही कमी आणि गैरसोयही कमी. शिवाय शेजाऱ्याच्या गाडीचा धूर निघाला की नाकाला रुमाल लावायचा हक्क मिळतो तो वेगळाच. कानसेनांना मात्र हायब्रिड आवडली ती निराळ्याच कारणासाठी. ही गाडी उभी असताना आवाजच करायची नाही. इथं ऐकणारे आणि न ऐकणारे एका पंगतीत होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी ते प्रेमात पडल्यासारखे हायब्रिडची शिफारस करू लागले. ‘विश्वासाची गाडी,’ ते सांगत, ‘डोळे झाकून घ्या.’ कान झाकून, असं ते म्हणाले नाहीत.

घात केला तो एसीनं. जावयानं एकदा एक पांढरी हायब्रिड पुढ्यात आणून उभी केली. कानसेनांनी तळवा ठेवला, डोळे मिटले, बारीकशी थरथर हाताला लागली आणि ते म्हणाले, “इंजिन म्हणजे लोणी. एकसारखं चाललंय.”

“कानसेन, इंजिन बंद आहे,” जावई म्हणाला. “एसीचा पंप चाललाय. बॅटरीवर.”

डोळे मिटलेले असल्यामुळे कानसेनांना हे वाक्य दिसलं नाही. ते पुढे म्हणाले, “तिसऱ्या सिलिंडरमध्ये जरा कुरकुर आहे, पण वयाच्या मानानं ठीक.”

जावयानं त्यांच्या कानामागे जाऊन एक टाळी वाजवली. मग दुसरी. मग त्यानं सासऱ्यांना बोलावलं आणि दोघांनी मिळून वाजवल्या. कानसेनांनी डोळे उघडले तेव्हा दोघं त्यांच्या मागे टाळ्या वाजवत उभे होते. कौतुक चाललंय असं वाटून ते लाजले.

“मामा, ह्यांना काढा,” जावई म्हणाला. “माझा स्कॅनर आहे. बॅटरीत किती दम उरलाय ते टक्क्यांत सांगतो.”

“खरं सांगतो?”

“अगदी खरं.”

“मग तो गिऱ्हाइकाला दाखवायचा नाही,” मालक म्हणाले. “आणि कानसेनांना काढायचं नाही. अरे, अठ्ठावीस वर्षांचा विश्वास आहे. असा तपासनीस शोधून सापडायचा नाही. ह्यांना जे ऐकवायचं तेच ऐकू येणार.”

तेव्हापासून खूण ठरली. मालकांनी चष्मा काढला की लोणी. चष्मा डोळ्यांवर असला की रुमाल. आणि तोही महिन्यातून एकदा, म्हणजे लोकांचा विश्वास टिकतो. मोबदला म्हणून गुपित आवाराबाहेर जाणार नव्हतं. कानसेनांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्या वर्षी कानसेनांचा एकही निकाल मालकांच्या अंदाजाबाहेर गेला नाही. यंत्रातसुद्धा इतका भरवसा मिळत नाही.

आणि एका दुपारी लेक आवारात आली.

तिची जुनी गाडी आदल्या आठवड्यात पुलाच्या मध्यावर बंद पडली होती. मागे लहान मुलगी, दोन्ही बाजूंनी ट्रक, आणि तास गेला. रुग्णालय शहराच्या दुसऱ्या टोकाला. “मला दिसायला कशीही चालेल, बाबा,” ती म्हणाली, “फक्त रस्त्यात दगा देणारी नको. हायब्रिडबद्दल तुम्ही एवढं सांगता, म्हणून आले.”

“घरचं गिऱ्हाईक!” मालक म्हणाले. “ताई, तुम्हाला ती निळी देतो.”

निळी चार महिने खपत नव्हती. सकाळीच जावयानं तिला स्कॅनर लावला होता आणि कानसेनांनी पडदा बघितला होता. बॅटरीत दम एकतीस टक्के, आणि लाल ठिपक्यांची अख्खी ओळ. तसल्या गाडीला पूल लागला की ती पुलावरच राहते.

कानसेनांनी बॉनेटवर तळवा ठेवला. अर्धं मिनिट गेलं, एक मिनिट गेलं. त्यांनी डोळे उघडले. त्यांचा डावा हात खिशात गेला आणि रुमालाचं टोक बाहेर आलं.

लेक त्यांच्याकडे बघत होती. तिच्या पाठीमागे मालक उभे होते. त्यांनी चष्मा काढला. कानसेनांनी रुमाल सोडला नाही. तेव्हा मालकांनी आवाज न करता, नुसते ओठ हलवून, सावकाश विचारलं, ‘सांगू का लेकीला?’

बहिऱ्या माणसाला चारचौघांत धमकी देता येते, ही सोय मालकांनी नुकतीच शोधून काढली होती.

रुमाल परत आत गेला. “लोणी,” कानसेन म्हणाले.

“बघा! सख्ख्या लेकीला बाप खोटं सांगेल का?” मालक म्हणाले, आणि चष्मा लावून त्यांनी कागद पुढे केले. लेकीनं तीन ठिकाणी सह्या केल्या. वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून ती म्हणाली, “आता माझ्या जिवाला घोर नाही.” हे त्यांनी स्पष्ट वाचलं.

निळी गाडी निमूटपणे फाटकापर्यंत गेली. कानसेन तिच्याकडे पाठ करून पुढच्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. हात हलवून निरोप द्यायचं त्यांच्यानं झालं नाही.

लेकीनं हॉर्न वाजवला. मग पुन्हा, जरा लांब. तिसऱ्या वेळी आवारातल्या सगळ्या माना वळल्या, समोरच्या दुकानातला माणूस बाहेर आला, मालकांनी घाईघाईनं दोन्ही हात हलवले. एकच मान वळली नाही.

लेक उतरली. वडिलांच्या मागे येऊन उभी राहिली. “बाबा,” ती म्हणाली. मग मोठ्यानं, “बाबा!” मग तिनं कानापाशी चुटकी वाजवली, उजव्या, मग डाव्या. असं ती रोज दहा जणांच्या कानांपाशी करायची.

ती वळसा घालून समोर आली. कानसेन दचकले, मग हसले. “अजून गेली नाहीस?”

“ताई, सही केलेला माल परत घेत नाही हं,” मालक लांबून म्हणाले.

तिनं तिकडे बघितलं नाही. वडिलांच्या डोळ्यांत बघत, घशातून जराही आवाज न काढता, तिनं नुसते ओठ हलवले, ‘बाबा, मी बोलतेय ते ऐकू येतंय?’

“न यायला काय झालं?” कानसेन म्हणाले. “अगदी स्पष्ट.”