अकरा भांड्यांची यादी

सटवाजीला दुकानातून काढले ते चोर म्हणून. कागदावर तसेच लिहिले होते : 'दुकानातील एक पितळी घागर परवानगीशिवाय बाहेर नेली, सबब आजपासून कामावरून कमी करण्यात येत आहे.' खाली बन्सीधर शेठची सही होती आणि साक्षीदार म्हणून जुना गुमास्ता किशनराव याची.

घागर नेली हे खरे होते. भर दुपारी, खांद्यावर घेऊन, सेलूच्या पेठेतून सगळ्यांच्या देखत नेली होती.

सटवाजी भांड्यांवर नावे घालायचा. आता हे काम हाताने करणारे फारसे उरले नाहीत, म्हणून थोडे समजावून सांगायला हवे. लग्नाकार्यासाठी कोणी हंडा, परात, ताट घेतले, की ते घरी जाण्याआधी दाराशी पोत्यावर बसलेल्या माणसाकडे जायचे. तो भांडे पायांच्या तळव्यांत धरायचा आणि खिळ्याएवढ्या छन्नीवर हातोडीने टकटक करत नाव, गाव आणि साल कोरायचा. सटवाजी नऊ वर्षे त्या पोत्यावर बसला होता. आपले अक्षर तो डोळे मिटून, नुसते बोटाने चाचपूनही ओळखत असे.

त्याच दुकानात मोडही घेतली जायची. मोड म्हणजे फुटकी, जुनी भांडी. ती वजनावर घ्यायची आणि पुढे भट्टीला पाठवायची.

त्या साली, म्हणजे अठ्ठ्याहत्तर साली, जुलैच्या शेवटी विद्यापीठाला नवे नाव देण्याचा ठराव झाला आणि गावोगाव दलितांच्या वस्त्या पेटवल्या गेल्या. पोळ्याच्या आधी आठ दिवस एक बैलगाडी दुकानाच्या मागच्या दाराला लागली. गाडीत मोड होती. शेठने त्यातली चांगली, दळदार भांडी बाजूला काढली आणि सटवाजीपुढे ठेवली.

"यांच्यावरची नावं कानशीनं घासून काढ. मग चिंच लावून उजळ. दिवाळीला नव्यात जातील."

सटवाजीने पहिली परात उचलली. अक्षर त्याचेच. हंडा उचलला, तेही त्याचेच. एकूण अकरा भांडी. सगळ्यांवर एकाच गावाचे नाव, देवगाव फाट्याच्या पलीकडच्या. चुलीवरच्या भांड्याला काजळी बुडाला धरते. ही भांडी काठांवर काळी होती, आतूनही काळी होती.

शेवटी घागर आली. तिच्यावर गावाच्या नावाखाली लिहिले होते : 'कडूबाई. स्वतःच्या कमाईची. १९७५.' असे नाव त्याने दुसऱ्या कुणाच्या भांड्यावर कधी घातले नव्हते. "कोणी दिली म्हणून घालू?" असे त्याने तेव्हा विचारले होते. जिनिंगमध्ये सरकीची पोती वाहणारी ती बाई म्हणाली होती, "म्याच दिली. मलाच."

"शेठ, ही मोड न्हाई," सटवाजी म्हणाला.

"मग काय आहे?"

"जळालेल्या घरातली भांडी हायती. लुटीची."

शेठने आधी दाराकडे पाहिले, मग त्याच्याकडे. "मी वजनानं घेतली. आणणाऱ्याला जात विचारत नाही, भांड्यालाही विचारत नाही. तू घास."

"म्याच घातलेलं नाव म्याच कसं घासू?"

"पगार घेऊन."

किशनराव कपाटाआडून हसला. सटवाजीने घागर उचलली आणि चालू लागला. कडूबाई रेल्वे फाटकाजवळच्या वस्तीत बहिणीकडे येऊन राहिली आहे, हे त्याला जिनिंगच्या बायांकडून कळले होते. त्याने घागर तिच्यापुढे ठेवली. "ही तुमची," एवढेच म्हणाला. तिने घागर आत नेली. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवरच त्याच्या हातात तो कागद पडला.

पेठेत बातमी पसरायला तासही लागला नाही. चहाच्या हॉटेलात त्याच्यासाठी बाकावर जागा होईना. "या नामांतरवाले!" असे एकाने म्हणावे आणि बाकीच्यांनी बशीत तोंड घालून हसावे. दुसऱ्या दोन भांड्यांच्या दुकानांत तो काम मागायला गेला. एकाने मानेनेच नाही म्हटले. दुसऱ्याने त्याच्या देखत गल्ल्याला कुलूप लावले.

घरी बायनाबाई, त्याची बायको, कणीक तिंबता तिंबता बोलायची. "गावात कुणाचा हंडा गेला, कुणाचा तांब्या गेला, तुमाला काय करायचंय? भाऊबंद इचारायलेत, सटवाजीची सोयरीक कुठं जमली म्हणून. पोरीला स्थळ कोण देईल आता?"

"चोर म्हणून काढलंय मला. चोर म्हणून लागलेलं नाव कसं राहू देऊ?"

"मंग जाऊन पाय धरा शेठचे."

त्याने पाय धरले नाहीत. परभणीला जाऊन, कचेरीबाहेर झाडाखाली बसणाऱ्या लेखनिकाकडून त्याने कामगार अधिकाऱ्यांच्या नावे दरखास्त लिहून घेतली : चोरी केलेली नाही, घागर मालकिणीला परत दिली, सबब कामावर परत घ्यावे. बाकीच्या दहा भांड्यांबद्दल त्याने अवाक्षर लिहिले नाही. लेखनिकानेच सल्ला दिला होता. "पुन्हा त्याच दुकानात बसायचंय ना? मग आपल्यापुरतं मागा."

दिवाळीनंतरची तारीख मिळाली. नोटिशीत लिहिले होते, पुरावा व साक्षीदार सोबत आणावेत. साक्षीदार एकच होती. तो फाटकाजवळच्या वस्तीत गेला.

कडूबाई दारात सरपण फोडत होती. तिने कुऱ्हाड खाली ठेवली नाही. "कशाला आलाव, नाववाले?"

"परभणीला यावं लागतंय. घागर तुमचीच हाय, एवढं साहेबापुढं सांगायचं."

"तुमची नोकरी वाचवायला?"

"माझ्यावर चोरीचा आळ हाय, कडूबाई."

"आमच्यावर काय हाय मग? त्या दिशी तुमी घागर ठेवली अन् निघून गेलाव. बाकीचं सामान कुठं हाय ते सांगितलं का? एकट्या घागरीला पाय फुटले व्हते व्हय?"

सटवाजीची मान खाली गेली. "दुकानात हाय. अजून दहा भांडी."

"कुणाकुणाची?"

त्याला सगळी नावे पाठ होती. तो एकेक सांगू लागला. सगुणाबाईची परात. "ती नांदेडला गेली लेकीकडं," कडूबाई म्हणाली. सितारामचा हंडा. "त्याचे पाय भाजलेत, दवाखान्यात हाय." अनसूयेच्या लग्नातलं ताट. "तिच्या सासरच्यांनी पाठवलीच न्हाई तिला. बरंच झालं." तो एक भांडे सांगायचा, ती एक माणूस सांगायची. दहाव्या नावाला ती खाली वाकली आणि तिने लाकडाचे तुकडे गोळा केले.

"ल्ह्या," ती म्हणाली. "अकरा बी ल्ह्या कागदावर. तवा येते. एकट्या घागरीसाठी न्हाई यायची. त्याच गावात मला माघारी जायचंय. जायचंच हाय तर समद्यांचं मागून जाईन."

"तसं लिवलं तर शेठ मला जन्मात परत घ्यायचा न्हाई."

"मग नका ल्ह्यू. मला कशाला सांगायलाव?"

तिने पुन्हा कुऱ्हाड उचलली.

तारखेच्या आदल्या दिवशी सटवाजीने यादी लिहिली. छन्नीने पितळेवर भराभर चालणारा त्याचा हात कागदावर अडखळत होता. बायनाबाईने यादी पाहिली. तिला वाचता येत नव्हते, पण कशाची ते तिला कळले. "हे दिलं तर मी म्हायेरी चालले," ती म्हणाली आणि पाठ करून बसली. त्याने यादीची घडी खिशात घातली. अकराही लिहिली, असा निरोप त्याने कडूबाईला पाठवला होता. पण यादी द्यायची, की ती आली तरी नुसती घागर दाखवून भागवायचे, हे त्याने ठरवले नव्हते. परभणीच्या गाडीत बसेपर्यंत त्याने ठरवले नव्हते.

कडूबाई आली होती. कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर बसली होती, मांडीवर फडक्यात गुंडाळलेली घागर. शिपायाने तिला दोनदा उठवून लांब बसवले होते. ती दोन्ही वेळा परत येऊन तिथेच बसली होती.

आत साहेबांच्या टेबलापुढे शेठ खुर्चीवर बसला होता, किशनराव मागे उभा होता. सटवाजीला कोणी बस म्हटले नाही.

शेठ गोड आवाजात बोलला. "साहेब, मी मोठ्या मनाचा माणूस आहे. एक घागर चुकून मोडीत आली. यानं ती मालकिणीला दिली. विचारून दिली असती तर प्रश्नच नव्हता. मी चोरीचा शब्द मागे घेतो. उद्यापासून त्यानं येऊन बसावं. फक्त एवढं लिहून द्यावं, की माझ्या दुकानाबद्दल त्याची दुसरी काही तक्रार नाही."

साहेबांना बरे वाटले. त्यांनी लगेच कागद तयार करून सटवाजीपुढे सरकवला आणि वर पेन ठेवले. "करा सही. असे समंजस मालक रोज भेटत नाहीत."

सटवाजीने पेन हातात घेतले. नोकरी समोर होती. चोरीचा डागही जात होता. बायनाबाई माहेरी जाणार नव्हती. त्याने उघड्या दारातून व्हरांड्याकडे पाहिले. कडूबाई त्याच्याकडे पाहतही नव्हती. समोरच्या भिंतीवरच्या कुठल्याशा सरकारी तक्त्याकडे पाहत ती बसली होती, जणू आत काय होणार ते तिला कधीच कळून चुकले होते.

"दुसरी तक्रार हाय," सटवाजी म्हणाला आणि खिशातली यादी टेबलावर ठेवली.

साहेबांनी ती वाचली. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला. "हे काय?"

"एका गावच्या जळालेल्या घरांतली भांडी. शेठच्या दुकानात हायती."

"खोटं!" शेठ उठून उभा राहिला. "माझ्या दुकानात असं नाव असलेलं एकही भांडं नाही. आज चला, पंचनामा करा!"

"नाव घासलं असंल," सटवाजी म्हणाला. "घासलं तिथं पितळ दबतं, साहेब. बोट फिरवलं की खळगा लागतो. मला डोळे बांधून नेलं तरी दावीन."

साहेब किशनरावकडे वळले. "तुम्ही पाहिली का अशी भांडी?"

"मला मोतीबिंदू हाय, साहेब. कायबी दिसत न्हाई."

"परवा पेठेत मला लांबून बघून रस्ता बदललाव," सटवाजी म्हणाला, "तवा कसं दिसलं?"

किशनरावने शेठच्या पाठीआड तोंड फिरवले. शेठने टोपी घातली. आता आवाजात गोडवा नव्हता. "सेलूत तुला कोणी छन्नी धरू देणार नाही, सटवाजी. पूर्णेला जा, गंगाखेडला जा. मी तिथंही सांगून ठेवीन." तो किशनरावला घेऊन निघून गेला.

साहेबांनी समेटाचा कागद मधोमध फाडला. ते सटवाजीवर चिडले होते आणि ते त्यांनी लपवलेही नाही. "हातातला घास सांडलात. ही यादी माझ्या खात्याची नाही, मला ती पोलिसांकडे पाठवावी लागेल. ते काय करतील ते मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. तुमचं प्रकरण आता कामगार न्यायालयात जाईल. वर्षं लागतील. बाहेर ती बाई कोण? तिची जबानी घ्यायची आहे ना? बोलवा."

कडूबाई आत आली. तिने फडके सोडून घागर टेबलावर ठेवली. साहेबांनी कोरलेले नाव वाचले, तिचे नाव विचारले, गाव विचारले आणि लिहून घेतले. मग यादी एकेक वाचून दाखवली. प्रत्येक नावाला ती "हां" म्हणत होती.

"एकूण अकरा," साहेब म्हणाले आणि पेनला टोपण लावून ते खाली ठेवले.

"बारा," कडूबाई म्हणाली.

सटवाजी चमकला. "म्या अकराच बघितली, कडूबाई. नाव अकरावरच व्हतं."

"माझ्या सासूचा तांब्या. तिच्या आईचा. त्याच्यावर नाव न्हाई. तुमच्याकडं कधी आणलाच न्हाई."

"नाव नसलेला तांब्या तुमचाच, याला पुरावा काय?" साहेबांनी विचारले.

"म्या सांगायले ना."

साहेबांनी सटवाजीकडे पाहिले. नऊ वर्षे तो लोकांना एकच सांगत आला होता, नाव घालून घ्या, नाहीतर उद्या तुमचं म्हणून कसं सांगाल? आता त्याने टेबलावरचे पेन उचलले, टोपण काढले आणि साहेबांच्या हातात दिले.

"ल्ह्या, साहेब," तो म्हणाला.