डिस्प्लेचा लाल दिवा

चाकाला पळायचे असते, इंजिनाला गुरगुरायचे असते, आणि हॉर्नला तर नुसता आरडाओरडाच करायचा असतो. माझ्या वाट्याला यातले काहीच आले नाही. मित्रांनो, मी एका स्पोर्ट्स कारचा जुना डिस्प्ले आहे. स्टिअरिंगच्या मागे, चालवणाऱ्याच्या नाकासमोर बसायचे आणि गाडीच्या पोटात काय चालले आहे ते खरे खरे सांगायचे, एवढेच माझे काम होते. आता मी गाडीच्या शेडमध्ये फळीवर पडून आहे. एका बाजूला रंगाचे वाळलेले डबे, दुसऱ्या बाजूला सायकलचा पंप. बोलायला मला वीज लागते, ती इथे कोणी देत नाही. पण ऐकायला आणि बघायला काही लागत नाही, म्हणून ही हकिकत माझ्यापाशी आहे.

माझा जन्म एका थंडगार, स्वच्छ खोलीत झाला. डोक्याला टोप्या आणि हातांत मोजे घातलेल्या बायका ओळीने बसल्या होत्या. एकीने माझ्या पाठीवर तारांच्या बारीक वाटा जोडल्या, दुसरीने काच बसवली, तिसरीने खालच्या कडेला इवले इवले बल्ब फिरवून बसवले. तेलाचा, बॅटरीचा, उघड्या दाराचा आणि ब्रेकचा. शेवटी एक तपासनीस बाई आली. तिने सगळे दिवे लावून पाहिले, एक मोठी जांभई दिली आणि मला पास केले. माझ्या आयुष्यातली ही एकच परीक्षा, आणि तिचा निकाल असा लागला.

मला एका लालभडक, दोनच सीटच्या गाडीत बसवले गेले. पहिला मालक कंत्राटदार होता. त्याला गाडी चालवण्यापेक्षा दाखवण्याची हौस जास्त. तो मित्रांना बोलावून किल्ली फिरवायचा, माझे हिरवे आकडे झरझर वर जाऊन खाली यायचे, आणि मित्र म्हणायचे, "अरे, हे तर विमानच!" मी खोटे कशाला बोलू, मला ते आवडायचे. पण हौसेला मोल नसले तरी मुदत असते. कंत्राटदाराचा जीव दुसऱ्या गाडीवर जडला आणि मी गाडीसकट एका दातांच्या डॉक्टरांकडे आलो.

डॉक्टर म्हणजे हाताने फार हुशार माणूस. घरातला नळ, इस्त्री, भिंतीवरचे घड्याळ, काहीही बिघडले की ते दवाखान्यातला ट्रे घेऊन बसायचे. परक्याचा हात आपल्या वस्तूला लागलेला त्यांना खपत नसे. त्यांच्या बायकोला ही गाडी पहिल्या दिवसापासून पसंत नव्हती. "माणसं तीन आणि सीटा दोन. असली गाडी घेणाऱ्यानं लग्नच करू नये," असे ती म्हणायची. दुसऱ्या सीटवर बहुतेक वेळा त्यांची मुलगी बसे. ती एका जागी म्हणून ठरायची नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. भिंगरी माझ्याकडे बघत आकडे मोठ्याने वाचायची. "बाबा, ऐंशी झालं! आईला सांगू?" डॉक्टर हसत आणि वेग कमी करत. माझे सगळ्यात चांगले दिवस ते.

भिंगरी मोठी झाली, आणि मी म्हातारा झालो. उन्हात तापून तापून माझ्या आकड्यांच्या रेघा गळायला लागल्या. आठाचा तीन दिसू लागला. पेट्रोलची पट्टी टाकी रिकामी झाली तरी भरलेली दिसे. एकदा त्यापायी डॉक्टरांना भर दुपारी गाडी ढकलावी लागली आणि त्या दिवसापासून माझी पत गेली. मी अडखळलो की डॉक्टर मला बोटाने टपली मारत. मी जरा वेळ शुद्धीवर येई, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. माझा कोणता आकडा खरा, कोणता खोटा, याचे घरात अंदाज बांधले जात. सांगणाऱ्याचा अंदाज बांधावा लागला की त्याचे सांगणे संपले असे समजावे.

अशातच माझा ब्रेकचा लाल दिवा लागायला लागला. वळणावर लागायचा, सरळ रस्त्यावर विझायचा. मित्रांनो, माझे आकडे बिघडले होते, दिवा नव्हता बिघडला. मागच्या चाकापाशी ब्रेकचा रबरी पाइप चिरला होता. त्यातून ब्रेक ऑइल थेंब थेंब गळत होते. टाकीतले ऑइल कमी झाले की गाडी वळताना ते एका अंगाला सरकते, आतला तरंगणारा खुंटा खाली बसतो आणि मला खबर पोचते. मी ती पुढे देत होतो.

"आता हाही खोटं बोलायला लागला," डॉक्टर म्हणाले.

"अहो, एकदा गॅरेजला दाखवून घ्या ना," बायको म्हणाली.

"गॅरेजवाले एक बघायला जातात आणि चार काढतात."

"तुमचे पेशंट तुमच्याबद्दल अगदी हेच म्हणतात."

भिंगरी खो खो हसली. डॉक्टरही हसले, आणि गॅरेजचा विषय त्या हसण्यात बुडाला. मग त्यांनी आपला सिद्धांत सांगितला. "हे बघ, माणूस येतो, वरच्या दाढेवर बोट ठेवतो. म्हणतो, ही दुखते. कीड असते खालच्या दाढेत. रोज बघतो मी. तसंच आहे हे. बोट ब्रेककडे आहे, कीड या डिस्प्लेत आहे." दातांच्या बाबतीत त्यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. म्हणून तर ते इतक्या खात्रीने बोलत होते.

भिंगरीला डोंगरापलीकडच्या गावात, एका प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. सोमवारी ती पहिल्यांदाच एकटी गाडी घेऊन घाट उतरणार होती. आईने बसचे वेळापत्रक आणून ठेवले होते, पण वडिलांनी तिला या गाडीत शिकवले होते आणि तिने याच गाडीतून जावे अशी त्यांची इच्छा होती. म्हणून रविवारी सकाळी मला बदलायचे ठरले. भंगारवाल्याकडे तशाच एका गाडीचा डिस्प्ले मिळाला. ती गाडी कुठेतरी आदळून चपटी झाली होती. डिस्प्लेचा एक कोपरा उडालेला होता, पण आकडे ठणठणीत होते.

डॉक्टरांनी आधी बॅटरीची तार सुटी केली. स्टिअरिंगवरचे झाकण काढले. एकेक स्क्रू ट्रेमध्ये कापसाच्या बोळ्यांवर ओळीने मांडला. आत हात पोचेना तेव्हा तोंडात घालायचा तो छोटा गोल आरसा माझ्या पाठीमागे सरकवून त्यांनी जोडणीची जागा शोधली. खटका दाबला, तारांचा गुच्छ सुटला, आणि माझ्या काचेवर अंधार झाला. हात मात्र हलका होता, हे मी मान्य केले पाहिजे. मला फळीवर ठेवले आणि माझ्या जागी तो दुसरा बसला.

बॅटरी जोडून भिंगरीने किल्ली फिरवली. सगळे आकडे लखलखले. "बाबा, एकदम झकास!" ती ओरडली. बायकोने सुद्धा दारातून "छान" म्हटले. डॉक्टरांचा चेहरा मी इतक्या वर्षांत एवढा फुललेला पाहिला नव्हता. भिंगरीने घरासमोरच्या मोकळ्या जागेत एक गोल चक्कर मारली. परत येऊन थांबली तेव्हा ती हसत नव्हती.

"बाबा, वळताना लाल दिवा लागला. हा पण दाखवतोय."

डॉक्टर गाडीच्या टपावर हात ठेवून उभे राहिले. बॉनेट त्यांच्यापासून एका पावलावर होते. ते उघडून ब्रेक ऑइलची टाकी बघायला दिवा, आरसा, काही काही लागत नाही. ती साध्या डोळ्यांनी दिसते. मी फळीवरून जिवाचा आटापिटा करत होतो, पण वीज नसलेल्या डिस्प्लेचा आटापिटा कोणाला दिसणार? दोन वेगवेगळे साक्षीदार एकच गोष्ट सांगत होते. आणि डॉक्टरांना वाटले, दोघेही खोटारडे.

"अपघातातल्या गाडीचा आहे ना तो," ते म्हणाले. "त्याचंही तेच दुखणं असणार. जा, आईला चहा टाकायला सांग."

भिंगरी आत गेली. डॉक्टरांनी दोन स्क्रू सैल केले, त्या दुसऱ्याला पुढे ओढले, त्याच्या पाठीत दोन बोटे घातली, आणि ब्रेकचा बल्ब फिरवून काढला. दात निघाला की दुखणे गेले. बल्ब ट्रेमध्ये टाकून त्यांनी त्यावर कापूस ठेवला. स्क्रू परत आवळले. भिंगरी चहाचे कप घेऊन आली.

"गेला का दिवा?"

"गेला."

तिने पुन्हा चक्कर मारली. वळताना काहीही लागले नाही. ती निर्धास्त झाली आणि चहा पिऊन गाडी धुवायला लागली. मला त्या दुसऱ्याची दया आली. माझ्या भावकीतला तो, त्याला तर पहिल्याच दिवशी मुका केला.

सोमवारी भिंगरी निघाली. नवा सदरा, केस घट्ट बांधलेले. आईने खिडकीतून डबा दिला, "पोचलीस की फोन कर," म्हणाली. डॉक्टर म्हणाले, "उतारावर गिअर खालचा ठेव." गाडी गेली. ती जिथे उभी होती तिथे, मागच्या चाकाच्या जागी, फरशीवर एक ओला डाग उरला होता. आईने तो पाहिला. "कसलं हे तेलकट," असे पुटपुटत तिने फडके आणले आणि पुसून टाकला.

फोन आला, पण भिंगरीचा नव्हता. आई आणि डॉक्टर दार उघडे टाकून धावत गेले.

पुढचे मला आईच्या बोलण्यातून कळले. ती बहिणीशी फोनवर बोलायला शेडमध्ये येई, कारण घरात तिला रडता येत नसे. "उतारावर पेडल खालपर्यंत गेलं गं. ब्रेकच नाही. तिनं गाडी डोंगराच्या अंगाला घातली म्हणून जीव वाचला, नाहीतर दरीच होती. पाइप फुटला होता म्हणे, ऑइल सगळं संपलेलं." "उजवा पाय गुडघ्याखाली काढला. काल पट्टी बदलताना तिनं पाहिला."

चौकशी झाल्यावर क्रेनने गाडी परत शेडमध्ये आणून सोडली. पुढचा भाग आत दबला होता. तो दुसरा डिस्प्ले तुटलेल्या डॅशबोर्डमधून तारांवर लोंबत होता. नातेवाईक भेटायला आले की गाडीही बघून जात. कोणीतरी म्हणे, "भंगारातला माल लावला, तिथंच चुकलं." डॉक्टर मान हलवत. एकदा ते स्वतः म्हणाले, "हो, तोही खोटाच निघाला. दिवाच लागला नाही." मित्रांनो, त्या दिवशी मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. जबाब द्यायला तोंड नसलेल्याच्या डोक्यावर खापर फोडणे किती सोपे असते!

भिंगरी घरी आली ती चाकाच्या खुर्चीवर. काही दिवसांनी तिने गाडी बघायचा हट्ट धरला. आई नको म्हणत होती, पण शेवटी तिने खुर्ची शेडमध्ये आणली. डॉक्टर मागोमाग आले आणि दाराशीच थांबले. भिंगरीने गाडीच्या वाकड्या दारातून हात आत घातला, लोंबणारा डिस्प्ले उलटा केला आणि त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

"मी सगळा वेळ दिव्याकडे बघत होते," ती म्हणाली. "घाट लागल्यापासून. लागला असता तर मी थांबणार होते." मग तिने एका रिकाम्या भोकावर बोट ठेवले. "बाबा, इथला बल्ब नाहीये. बाकी सगळे आहेत. आदळल्यावर पडला असेल का हो?"

तिने वाट दिली होती. नुसते "असेल" म्हटले असते तरी भागले असते. आई डॉक्टरांकडे बघत होती. डॉक्टर म्हणाले, "नाही. मी काढला. तू चहा आणायला गेलीस तेव्हा."

भिंगरीने भोकावरचे बोट काढून घेतले.

"मला वाटलं, उगीच लागतोय. एकटी जाणार, पहिला दिवस... तुला भीती वाटू नये म्हणून."

"मला सांगायचं तरी होतं, बाबा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी बसनं गेले असते."

तिने खुर्ची वळवली. उंबऱ्याशी पुढचे चाक अडले. डॉक्टर पटकन वाकले आणि त्यांनी खुर्चीला हात घातला. भिंगरी पुढेच बघत म्हणाली, "आई, तू ये." डॉक्टरांनी हात काढून घेतला. आईने खुर्ची उचलून उंबरा ओलांडला आणि दोघी आत गेल्या. डॉक्टर गाडीपाशी उभे राहिले. अजूनही ते रोज येतात, तसेच उभे राहतात, आणि शेडला कडी लावून जातात.

मित्रांनो, घरची वस्तू स्वतः दुरुस्त करायला माझी ना नाही. हौसेने करा, ट्रेमध्ये स्क्रू मांडून करा. आमच्यासारखे म्हातारे दहा गोष्टी चुकीच्या सांगतात, तेही कबूल. पण अकरावी एकदा तपासून बघा. लाल दिवा लागला तर आधी थांबा. तो खरा की खोटा हे उभ्या गाडीतही ठरवता येते. आणि दुसऱ्याच्या हाती गाडी देताना त्यातले काय बिघडले आहे, काय काढून टाकले आहे, ते त्याला सांगा. त्याला भीती वाटेल. वाटू द्या. भ्यालेला माणूस हळू जातो, आणि घरी येतो.