इंदूमावशीचा नवरा

मागच्या दिवाळीत इंदूमावशीचा नवरा वारला, तेव्हा माझी बायको सरस्वती दोन दिवस नीट जेवली नाही. इंदूमावशी आमची कोणी नव्हे. मोबाइलवर कुरडया, सांडगे आणि मसाले विकणारी ती एक बाई. तिचा चेहरा आम्ही कधी पाहिला नव्हता. व्हिडिओत फक्त दोन हात दिसायचे, डाव्या अंगठ्याच्या बुडाशी भाजल्याचा लांबट डाग, आणि खाली अक्षरं यायची : 'लेकींनो, आज उन्हं चांगली पडली आहेत.' दिवाळीनंतर त्या हातांतल्या हिरव्या बांगड्या गेल्या. अक्षरं आली : 'मालक गेले. पण कुरडया थांबणार नाहीत.' सरस्वतीने लगेच तीन किलो मागवल्या. आम्ही घरात तिघं.

मला यात हसण्यासारखं खूप दिसत होतं, पण मी हसलो नाही. सरस्वतीची आई ती बारावीत असताना गेली. इंदूमावशीकडून तिला रोज दुपारी एक वाजता मेसेज यायचा, 'जेवलीस का गं लेकी?' ती 'बसतेच आता' असं लिहायची आणि खरंच ताट वाढून घ्यायची. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. हा प्रश्न मी तिला कधी विचारल्याचं आठवत नाही. अर्थात दुपारी एक वाजता मी ऑफिसात असतो.

श्रद्धाला, आमच्या मुलीला, सातवा महिना लागला. तिचं सासर बदलापूरला, बेलवलीत. डोहाळजेवण आमच्याकडे, अंबरनाथला, रविवारी चार वाजता करायचं ठरलं. आणि सरस्वतीने जाहीर केलं की पहिली ओटी इंदूमावशी भरणार. माहेरचं वडीलधारं माणूस म्हणून. मावशीला विचारून झालं होतं, 'येईन गं लेकी' असं उत्तरही आलं होतं.

चांगुणाताई, माझी थोरली बहीण, तेव्हा गहू निवडत होती. भावोजी गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, ती आमच्याकडेच असते. तिने सुपातून मान वर केली.

"विधवा आहे ना ती?"

"मग?" सरस्वती कंबर कसूनच उभी होती. "वन्सं, जग कुठे चाललंय! नवरा गेला म्हणून बाईचा हात काय विटाळला? माझ्या लेकीची पहिली ओटी तीच भरणार. ज्यांना पटत नसेल त्यांनी येऊ नये."

ताई परत सुपाकडे वळली. गहू निवडत राहिली.

मी सरस्वतीच्या बाजूने होतो. मी एका सरकारी खात्यात मसुदे तपासतो. भाषा शुद्ध आहे की नाही ते बघतो, मजकूर खरा आहे की नाही ते दुसरं खातं बघतं. त्या रात्रीच नातेवाइकांच्या ग्रुपवर मी रूढी आणि माणुसकी या विषयावर चारशे शब्द टाकले. सदतीस जणांनी बदाम पाठवले. ताईचा फोन बटणांचा असल्यामुळे ती ग्रुपवर नाही, हे एका परीने बरं होतं, कारण नाव न घेता लिहिलं असलं तरी ते तिच्याबद्दलच होतं.

रविवारी सकाळी मला वाटलं, मावशीचं वय झालंय, एकटी कशी येणार, आपणच जाऊन घेऊन यावं. सरस्वतीला सांगितलं नाही. नवऱ्याने क्वचित काही चांगलं केलं तर ते अचानक केलेलं बरं. कुरडयांच्या पुड्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता होता. मावशी व्हिडिओत शेणाने सारवलेल्या अंगणात असायची, पत्ता मात्र उल्हासनगर कॅम्प तीनचा होता. माल तिथून पाठवत असतील, असं मी मनाशी म्हटलं. दोन शेअर रिक्षा बदलून बाराच्या पुढे पोचलो.

गल्लीत सगळीकडे जीन्सचे ढीग. गाळ्याच्या पायरीवर एक माणूस पँटींचे लोंबते धागे कापत बसला होता. आत एक बाई खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. मी तिला पत्ता विचारणार, तेवढ्यात तिने पट्टी दाबली आणि मला डाव्या अंगठ्याचा डाग दिसला.

मी चपला काढल्या. "मावशी, मी सरस्वतीचा नवरा. अंबरनाथहून आलो, तुम्हाला न्यायला."

बाई पस्तिशीची असेल. हातभर हिरव्या बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र. तिने आतल्या बाजूला बघून हाक मारली, "अल्पेशदादा, तुजं गिऱ्हाईक इलंय. मना मावशी बोलतंय."

आतून तिशीतला एक पोरगेला माणूस आला. हातात तीन मोबाइल. मला बघून जराही दचकला नाही, उलट स्टूल पुढे केलं. "बसा ना साहेब. चिमे, पानी दे साहेबांना. सरस्वती मॅडम म्हणजे अंबरनाथ ईस्ट ना? तुमची शुगर कशी आहे आता?"

माझी शुगर माझ्या ऑफिसातही कोणाला माहीत नाही.

"इंदूमावशी कुठे आहेत?" मी विचारलं.

"हेच आहे साहेब सगळं." त्याने हात फिरवून गाळा दाखवला. "माल मुरबाड साइडच्या बचत गटाकडून येतो, एकदम ओरिजिनल. अंगन आमच्या गावचं. हात चिमीचे. बोलनं माझं. बाकी मावशी म्हंजे ब्रँड आहे."

"आणि तिचा नवरा?"

पायरीवरच्या माणसाने कात्री वर केली. "ह्यो काय. मी हरिचंद्र. मना दिवालीत मारला यांनी."

"हरीदादा, सोड ना तो विषय," अल्पेश म्हणाला.

"काय सोड? बाजारान लोकं बायकोला विचारतात, कसा गेला बिचारा? आनि मी पिशवी घेऊन बाजूला उभा!"

चिमी तोंडाला पदर लावून हसली. "बांगड्या काढाव्या लागतात ओ दर येलेला. शूटिंग झाला का परत चढवते. हात सोलतो."

"साहेब, तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला कळेल," अल्पेश समजुतीच्या सुरात म्हणाला. "नवरा होता तवा चारशे लोक होते पेजवर. नवरा गेला, सीधा चाळीस हजार. पब्लिकला इमोशन पाहिजे. आनि आपन कोनाला फसवलं का? कुरडई खराब निघाली का एकदा तरी?"

निघाली नव्हती, हे मला कबूल करावं लागलं.

"मग तिला 'येईन' का कळवलंत?"

"सगळ्याच बोलावतात साहेब. बारसं, वास्तुशांत, मुंज. येईन म्हनायचं. न्यायला कोन येतंय?" आणि मग माझ्याकडे बघून, "तुम्ही पहिलेच."

त्याने सरस्वतीचं खातं उघडून दाखवलं. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावापुढे त्याने खूण लिहून ठेवली होती, विसरू नये म्हणून. 'सूनबाई त्रास.' 'मूल नाही.' 'मुलगा दुबई.' सरस्वतीच्या नावापुढे होतं, 'आई नाही'. मी खाली सरकत गेलो. दोन वर्षांचं होतं. माझे गुडघे, माझं घोरणं, श्रद्धाच्या लग्नात मी व्याह्यांपुढे गप्प बसलो ते, आणि तिला एकदा छातीत गाठ लागली होती ते. ती नंतर काही निघाली नाही. मला ती लागल्याचंही माहीत नव्हतं. शेवटचा मेसेज कालचा होता :

'वन्संशी भांडले. हे ग्रुपवर लिहितात आणि घरात तोंड उघडत नाहीत. माझ्या बाजूने तुम्ही एकट्याच आहात मावशी. उद्या नक्की या.'

त्याखाली उत्तर होतं : 'येईन गं लेकी.' आणि एक नारळाचं चित्र.

तेवढ्यात एक वाजला. अल्पेशने बाजूचा मोबाइल उचलून एकदाच अंगठा दाबला. "जेवलीस का, गेलं," तो म्हणाला. "सहाशे बारा लेकी आहेत. एक मिनिट इकडेतिकडे झालं की फोन चालू होतात, मावशी बऱ्या आहेत ना." पुढच्या क्षणाला सरस्वतीचं उत्तर माझ्या डोळ्यांसमोर उगवलं : 'आज कसलं जेवण, धावपळ आहे. तुम्ही निघालात का?'

मी खरं तर तेव्हाच उठून घरी जायला हवं होतं.

"बाई देतो ना साहेब," अल्पेश म्हणाला. "चिमी येईल. बांगड्या काढेल, दोन तासाचा प्रश्न."

"मी नाय हां," चिमीने चिकटपट्टी खाली ठेवली. "व्हिडिओचं येगलं. पोटुशी बाईची ओटी खोटं बोलून भरू? मना पन पोरं हायेत."

हरिचंद्र म्हणाला, "आनि मी जित्ता हाय." त्याचा मुद्दा कोणी विचारात घेतला नाही.

शेवटी मीच तोडगा काढला. मावशीची तब्येत बिघडल्याचा मेसेज पाठवायचा. आजचा दिवस निभेल, पुढचं पुढे. अल्पेशने भराभर टाइप करून मोबाइल माझ्यापुढे धरला : 'लेकी माझे गुढगे धरलेत ग. यायला जमनार नाय. पन माझा आशिरवाद हाये.'

मी वाचलं. आणि माझ्याच्याने राहवलं नाही. एकतीस वर्षं हेच करत आलोय. मोबाइल हातात घेऊन गुडघे नीट केले, णकार घातले, आशीर्वाद दीर्घ केला. 'पन' खटकत होता. तो खोडला आणि दुसरा शब्द घातला. अल्पेशने पाठवून दिलं.

मेसेज तिने वाचल्याची खूण आली. चिमीने पाणी आणलं ते मी प्यायलो. मग उत्तर आलं. अल्पेशने ते वाचून मला विचारलं, "साहेब, तथापि म्हंजे काय?"

मी मोबाइल घेतला. सरस्वतीने लिहिलं होतं :

'तथापि? हे शेजारी बसलेत का?'

आणि माझ्या खिशातला फोन वाजायला लागला.

मी गल्लीत बाहेर येऊन उभा राहिलो आणि तिला सगळं सांगितलं. मी थांबलो तेव्हा ती म्हणाली, "घरी या. नारळ कमी पडतायत, येताना पाच घेऊन या."

मी नारळ घेऊन पोचलो तेव्हा तीन वाजत आले होते. श्रद्धा आतल्या खोलीत गजरे माळत होती. सरस्वती नवी साडी नेसून खुर्चीवर बसली होती, मोबाइल मांडीवर उपडा.

"तुम्ही सगळं वाचलंत?"

"सगळं नाही."

"गाठीचं?"

"हो."

"ते मी तुम्हाला सांगणार होते," ती म्हणाली. "तुम्ही बजेटच्या मसुद्यात होता." मग जरा वेळाने, "आणि त्या मुलाने नारळाचं चित्र पाठवलं होतं हो. मी ते तीनदा बघितलं होतं."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिने हात वर केला, उठली, डोळे पुसले आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. मी नारळांची पिशवी घेऊन मागोमाग.

चांगुणाताई ओल्या नारळाचा चव काढत होती.

"वन्सं, पहिली ओटी तुम्ही भरा."

ताईचे हात थांबले नाहीत. "ती येत नाही का?"

"ती नाहीच," सरस्वती म्हणाली, आणि सगळं सांगितलं. गाळा, अल्पेश, सहाशे बारा लेकी.

"आणि तिचा नवरा?"

"आहे. धडधाकट आहे."

"बरं झालं," ताई म्हणाली. ते तिने मनापासून म्हटलं, टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

"मग चला ना. बायका येतील आता."

ताईने खोबऱ्याची वाटी खाली ठेवली. "सरस्वती, अकरा वर्षं झाली मला इथे. श्रद्धाच्या हळदीला मी इथेच पुऱ्या लाटत होते. बाहेर गाणी चालली होती. तू एकदा तरी म्हणालीस, वन्सं, बाहेर या?"

"तुम्हीच म्हणालात परवा, विधवा आहे ना ती? मला वाटलं तुम्हाला चालत नाही..."

"मी विचारलं होतं," ताई म्हणाली. "चालते का, म्हणून विचारलं होतं गं. तुझ्याकडे विधवा चालते का ते."

गॅसवर भाताचं पाणी उतू गेलं. सरस्वतीने ते बघितलं नाही, मीच पुढे होऊन गॅस बारीक केला.

"वन्सं, चुकलं माझं. आता चला."

"आता तिची जागा रिकामी पडली म्हणून? नको." ताईने पुढची वाटी उचलली. "माझं काही नाही. श्रद्धाला म्हणावं, आत्याने नारळीभात केलाय. आणि तू काय उभा राहिलायस, दिनू? ते नारळ इथे ठेव आणि बाहेर जा, पाहुणे येतील."

मी नारळ ठेवले आणि बाहेर गेलो.

चार वाजता बायका आल्या. पहिली ओटी श्रद्धाच्या सासूबाईंनी, विनिताबाईंनी भरली. कोणी काही ठरवलं नसतं तरी त्यांनीच भरली असती. फुलांचे दागिने झाले, गाणी झाली. ग्रुपवरच्या सदतीसपैकी नऊजणी आल्या होत्या, त्यांनी मावशी कुठे म्हणून विचारलं. सरस्वती म्हणाली, "अशी कोणी नाहीये." त्यांना वाटलं ती गंमत करतेय.

स्वयंपाकघराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आतून डावाचा आवाज येत होता. सरस्वती दोनदा उठून दारापर्यंत गेली आणि दोन्ही वेळा कडीला हात लावून परत येऊन बसली. मी एकदाही उठलो नाही.