बसती नजर

पार्वतम्मा माझी थोरली बहीण. मी तिला अक्का म्हणतो, घरातली पोरं अव्वा. गुडघे गेल्यापासून ती दिवसभर जमिनीवर पोतं टाकून बसते. तिच्या मुलानं, शिवानंदनं, माकणी गावात रस्त्याकडेला नवं घर बांधलं. बांधलं म्हणजे मीच बांधलं. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला मामा असताना तो दुसऱ्याला कशाला बोलावेल?

वास्तुशांतीला आठ दिवस झाले आणि तिच्या सुनेचा, शुभांगीचा फोन आला. "मामा, लवकर या. अव्वांनी गाठोडं बांधलंय. जुन्या घरी जाते म्हणत्यात."

जुनं घर म्हणजे गल्लीतली पत्र्याची खोली. तिथं ती एकटी कशी राहणार? मी तसाच निघालो.

शिवानंद दारातच उभा होता. "विचारा तुमच्या बहिणीला. फरशी घातली, पंखा लावला. अजून काय कमी पडलं?"

"काय बी कमी न्हाय," अक्का म्हणाली. "घर लई चांगलं हाय. पर म्या जाते."

"अव्वा, चांगलं हाय तर जातीस कशाला?"

"हितली माणसं मेलीत व्हय रं? आठ दिसात एक तोंड दिसलं न्हाय."

"समोर रस्ता हाय, अव्वा! सारं गाव येतंय-जातंय."

"आवाज येतोय नुसता. भुतावानी."

तिची समजूत घालावी म्हणून मी तिच्या शेजारी जमिनीवर टेकलो. खिडकीकडं पाहिलं. विजेची तार दिसली, तारेवर एक कावळा, वर आभाळ. उठून उभा राहिलो, रस्ता दिसला. पुन्हा बसलो, पुन्हा कावळा.

चूक माझी होती.

माझे उस्ताद म्हणायचे, घर बसून बांधावं. खिडकी सोडायच्या आधी घरातल्या बाईला तिच्या नेहमीच्या जागेवर बसवायचं, तिच्या डोळ्यांच्या रेषेत दोरा ताणायचा आणि खिडकीची खालची कड त्याच्या वीतभर खाली ठेवायची. त्या रेषेला ते बसती नजर म्हणायचे. जन्मभर मी लोकांची घरं अशीच बांधली.

या वेळी मात्र हातात नकाशा होता. मी अक्षरं शिकलो अठ्ठावन्नाव्या वर्षी, मठातल्या संध्याकाळच्या वर्गात. नकाशावर लिहिलेलं, 'खिडकी, जमिनीपासून साडेतीन फूट.' मी ते मजुरांना मोठ्यानं वाचून दाखवलं. दोनदा. वाचता आलं याचाच एवढा आनंद, की बहिणीला बसवून बघायचं राहूनच गेलं. नकाशा काढणारा खुर्चीवर बसणारा असणार.

मी पिशवीतून दोरा काढला. "अक्का, सरळ बस. समोर बघ."

"फोटू काढतोस का?"

"व्हय. पदर नीट घे."

तिनं खरंच पदर नीट केला. शुभांगी हसत हसत दोऱ्याचं दुसरं टोक धरून उभी राहिली. मी भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली, तिच्या वीतभर खाली दुसरी, आणि छिन्नी उचलली.

"मामा!" शिवानंद ओरडला. "अजून रंग बी वाळला न्हाय!"

"मग फोडायला सोपं."

भूकंपानंतर आमच्याकडं भिंतीत घालतात ती सिमेंटची पट्टी खिडकीच्या वर होती, तिला धक्का लागणार नव्हता. खिडकीखालची भिंत मी उतरवली. शिवानंद कुरकुरत घमेलं घेऊन आला. दोन दिवस गेले. वेल्डिंगवाल्यानं खाली चार गज जोडून दिले. गाठोडं तसंच दाराशी होतं. मी त्याच्याकडं बघायचं टाळत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी अक्का सरकत सरकत खिडकीशी आली. रस्त्यानं धुरपदाबाई दुधाची रिकामी किटली हलवत चालली होती. दोघींची तोंडं समोरासमोर आली.

"अगं पार्वतम्मा! कुठं व्हतीस इतकं दिस?"

"आभाळात," अक्का म्हणाली. "आत ये, च्या घे."

"कामं पडल्यात गं."

"तुझी कामं मला ठावं हायती. ये मुकाट."

धुरपदाबाई आत आली ती तासभर बसली. मी एका बाजूला थापी धूत होतो. अक्कानं मधेच खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं.

"वाकडी हाय रं जरा."

"असू दे. तू कुठं सरळ हायस?"

ती हसली. मग सुनेकडं वळून म्हणाली, "शुभांगी, ती लुगडी सोड की गाठोड्यातली. चुरगाळल्यात सारी."